वास येतोय का?

मी पहिल्यांदा डेन्व्हरला गेलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी मला गाडीत घातलं, पंचवीस-तीस मैल डोंगरात नेलं, तिथून गाडी वळवून पुन्हा शहराच्या दिशेने आणली आणि वाटेतली एक पाटी दाखवली. लोक पाहुण्यांना संग्रहालयं दाखवतात, मॉल दाखवतात. आमच्या मामांनी पाटी दाखवली. 70 नंबरच्या महामार्गावर डोंगर संपत आला असं वाटायला लागतं, खाली मैदानात शहर दिसू लागतं, नेमकी तिथे ती उभी आहे. ट्रकवाल्यांनो, फसू नका, अजून चार मैल तीव्र उतार आणि वळणं आहेत, अशा अर्थाची. तेवढ्याने भागणार नाही म्हणून पुढे आणखी एक. तुम्ही अजून खाली पोचलेला नाहीत, अजून दीड मैल आहे.

मामांनी वेग कमी केला आणि वेशीवरच्या मारुतीसमोर लववतात तशी मान किंचित लववली.

"सरकारी खात्याने लिहिलंय, पण वाटतंय का?" म्हणाले. "घरातल्या थोरल्या माणसाने लिहिल्यासारखं आहे."

तिसऱ्या दिवशी पाइक्स पीक. 14,115 फूट उंच डोंगर, थेट माथ्यापर्यंत गाडीरस्ता. माथ्यावरून म्हणे पार क्षितिजापर्यंत दिसतं. म्हणे अशासाठी की मामांनी आम्हाला तिथे जेमतेम वीस मिनिटं थांबू दिलं. त्यांचं खरं दैवत उतरतीच्या वाटेवर होतं. ग्लेन कोव्ह नावाच्या जागी उतरणारी प्रत्येक गाडी थांबवतात, एक कर्मचारी चाकाजवळ यंत्र धरून ब्रेकचं तापमान बघतो, आणि ब्रेक जास्त तापलेले असले तर गाडी बाजूला घेऊन निवेपर्यंत बसवून ठेवतो. आमच्या पुढची गाडी बसवली गेली. मामांची गाडी त्याने बघितली आणि जा म्हणून हात केला. मामा जाईनात. काच खाली करून आकडा विचारला, तो आमच्याकडे वळून मोठ्याने सांगितला, आणि पुढचा अर्धा तास बसवलेल्या गाडीतल्या माणसाबद्दल हळहळत राहिले. दहावीच्या निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलाबद्दल हळहळतात, त्या सुरात.

मामांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, एसटीत चालक होते. कराड आगार, आणि नोकरीतली बहुतेक वर्षं कराड-चिपळूण. म्हणजे कुंभार्ली घाट. शाळेला सुट्टी लागली की मामा चालकामागच्या पहिल्या बाकावर बसून आजोबांचा डावा हात बघत राहायचे, कारण गिअरचा दांडा डाव्या हाताला. पुढे मामा इंजिनिअर झाले, अमेरिकेत गेले, तिथल्या पुलांची आकडेमोड करण्यात तीस-पस्तीस वर्षं गेली. पण गाडी हाकण्याचं त्यांचं शिक्षण चिपळूण यायच्या आतच पुरं झालं होतं. त्यात दोनच सूत्रं. एक, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. दोन, चढ गाडीचा, उतार माणसाचा. चढाला गाडी थकते, धापा टाकते, फार तर बंद पडते. उताराला ती थकत नाही, तिथे फक्त माणसाची अक्कल पुरते किंवा संपते.

आजोबांच्या काळी डिझेल वाचवायला काही ट्रकवाले घाटात गाडी न्यूट्रलवर सोडायचे. आजोबांच्या शब्दकोशात याहून मोठी शिवी नव्हती. ती पुढे घरात इतकी मुरली की तिचा गाडीशी संबंध उरला नाही. दुसरी नोकरी हातात नसताना पहिली सोडणारा भाचेजावई, कर्ज काढून बारसं करणारे शेजारी, पोहता येत नसताना कोयनेत उतरणारा मी, सगळे न्यूट्रलवाले. आणि शाबासकीचा शब्दही असाच. घाट उतरून गाडी थांबली की आजोबा खाली उतरत, एकेका चाकाजवळ हाताची मागची बाजू धरत आणि म्हणत, "कोमट." एवढंच. आईचं लग्न सुरळीत पार पडलं तेव्हाही मांडवातून बाहेर येऊन त्यांनी हाच शब्द उच्चारला होता, असं आई सांगते.

मामा स्वतः न्यूट्रलवर कधीच उतरले नाहीत. निवृत्तीसुद्धा त्यांनी दुसऱ्या गिअरात घेतली. आधी आठवड्यातले चार दिवस, मग तीन, मग दोन, अशी अडीच वर्षं. ऑफिसातल्या लोकांनी निरोपाचा केक तीन वेळा कापला. घरातला जिनाही ते तसाच उतरतात, कठड्याच्या बाजूने, अंग किंचित मागे टाकून, प्रत्येक पायरीवर वजन देत. फोन वाजत असला तरी त्याच गतीने. फोन बंद पडतो. मामा खाली पोचून म्हणतात, "घाई नाही आपल्याला."

या माणसाने दर उन्हाळ्यात दहा दिवसांसाठी मोटरहोम भाड्याने घ्यावी आणि ती कोलोरॅडोतल्या घाटांतून फिरवावी, याचं मला आधी नवल वाटलं. मग लक्षात आलं, की ज्याला पोहण्याचा अभिमान असतो तो विहीर शोधतच असतो.

मोटरहोम म्हणजे पुढे ट्रकचं तोंड आणि मागे एका खोलीचं घर. शेगडी, फ्रिज, संडास, झोपायला चौघांची सोय, ड्रायव्हरच्या डोक्यावरही एक पलंग. पंचवीस फूट लांब, आणि पाणी, सामान, माणसं धरून पाच टनांच्या घरात. मामा तिला बिऱ्हाड म्हणतात. "गाडी नाहीये ही, बिऱ्हाड आहे. गाडी वळते. बिऱ्हाड वळवावं लागतं." मागच्या चाकांच्या मागे सात-आठ फूट घर लोंबत असतं. आपण उजवीकडे वळलो की ते डावीकडे झुलतं, आणि पेट्रोलपंपावरच्या खांबांना या गोष्टीची कल्पना नसते.

निघायच्या सकाळी पूजा. आधी सगळ्या टायरांची हवा, मागच्या जोडचाकांतल्या आतल्या टायरांचीसुद्धा, त्यासाठी मामा जमिनीवर पालथे. मग पाण्याची टाकी. ती पूर्ण भरायची नाही. भरली तर दीडशे किलो पाणी आपण उगाच डोंगरावर वाहून नेणार, आणि "डोंगरावर पाणी न्यायला आपण काय पालखीतले टँकरवाले?" मग कपाटांच्या कड्या. मग मामींचे डबे. प्रत्येक झाकण मामा स्वतः दाबून बघतात आणि मामी प्रत्येक वेळी म्हणतात, "अहो, ते पिठाचं आहे, पेट्रोलचं नाही." शेवटी वही. दोनशे पानी, रेघांची. तिच्यात प्रत्येक घाट, उंची, उतार शेकडा किती, कोणत्या गिअरात उतरलो, आणि शेवटच्या रकान्यात चाकं. त्या रकान्यात अकरा वर्षांत एकच शब्द आहे.

गाडी ऑटोमॅटिक. हे मामांचं कायमचं दुःख. दांड्यावर डी असं अक्षर असतं, तिथे टाकलं की यंत्र स्वतःच्या मनाने वरचा गिअर घेतं आणि उतारावर गाडी मोकळी सुटते. "डी म्हणजे ड्राइव्ह नव्हे. डी म्हणजे दरी," मामा सांगतात. उतार सुरू व्हायच्या आधी, वळण दिसायच्याही आधी, ते दांडा खाली ओढून दुसऱ्यावर आणतात आणि दांड्यावरचं ओझं ओढायचं बटण दाबतात. इंजिन गुरगुरतं. जुनी माणसं पंगतीत आग्रह करणाऱ्याला हाताने अडवतात, तसं ते गाडीला अडवून धरतं. ब्रेक अधूनमधूनच. घट्ट दाबून वेग पाचेक मैलांनी उतरवायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. "ब्रेक म्हणजे तंबोरा नव्हे, मैफलभर धरून बसायला." सतत हलका पाय ठेवला की ब्रेक तापतात, त्यातलं तेल उकळतं, आणि मग पाय जमिनीला टेकला तरी खाली काही लागत नाही. या वाक्यापर्यंत आले की मामा एकदम थांबतात आणि नाक वर करून विचारतात, "वास येतोय का?"

लायनर जळायला लागले की येतो तो वास. करपट, कडू, एकदा आला की विसरत नाही. मामांनी तो लहानपणी दुसऱ्याच्या ट्रकचा घेतला होता आणि तेव्हापासून ते त्याच्या शोधात आहेत. दर दहा मिनिटांनी विचारतात. आपण नाही म्हटलं तर, "नीट घ्या."

या खेपेला मी आणि माझी बायकोही बिऱ्हाडात होतो. डेन्व्हरहून निघून नैऋत्येला, 10,857 फुटांवरची वुल्फ क्रीक खिंड. चढताना बिऱ्हाडाला धाप लागली. दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी कमी होते, म्हणजे वर पोचेतो तिसरा हिस्सा हवेतच विरलेला. मामा ताशी तीस मैलांवर समाधानाने बसलेले, आणि डोळे आरशात. मागे गाड्या साठायला लागल्या की मोजणी. "तीन. चार. पाच झाल्या." की पहिल्या मोकळ्या जागी बाजूला. कॅलिफोर्नियात तसा कायदाच आहे, दुपदरी रस्त्यावर मागे पाच गाड्या अडकल्या की बाजू द्यायची. आम्ही कोलोरॅडोत कॅलिफोर्नियाचा कायदा पाळत होतो. पुढे जाणाऱ्यांपैकी कितीजणांनी हात केला याचीही मोजदाद. त्या दिवशी अकरा. हात न करणाऱ्या लाल गाडीला मामांनी शांतपणे न्यूट्रलवाला म्हटलं.

या खिंडीवर सी. डब्ल्यू. मॅकॉलचं 1975 सालचं एक गाणं आहे, कोंबड्यांनी भरलेल्या ट्रकचे ब्रेक जातात त्याचं. अमेरिकेत ते विनोदी गाणं समजतात. मामांनी ते माथ्यावर लावलं आणि आम्हाला हसू दिलं नाही. मग उतार. शेकड्याला जवळपास सात, आणि मैलोन् मैल. बाजूला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाळू-खडीची चढती वाट काढलेली, की सुटलेला ट्रक तिच्यात घुसून रुतावा. मामांनी उतरता उतरता हिशोब सांगितला. पाच टन वजन, साडेआठशे मीटर खाली. एवढी सगळी उष्णता ब्रेकवर घेतली तर तिच्यावर सव्वाशे लिटर पाण्याला उकळी येईल. "कराडातल्या एका लग्नाचा चहा. तो आपण चाकात करायचा का?"

आणि तेवढ्यात, "वास येतोय का?"

"येतोय," माझी बायको म्हणाली.

गाडीत शांतता. मामांचा चेहरा एकाच वेळी पांढरा पडला आणि उजळला. पन्नास वर्षं ज्याची वाट बघितली तो आला होता. दरी बघायला केलेल्या जागेत त्यांनी बिऱ्हाड अलगद घेतलं, चाकांना दगड लावायला मला पिटाळलं, आणि हाताची मागची बाजू पुढे करून गाडीभोवती फिरले. सगळी चाकं कोमट. पुन्हा फिरले. कोमट. वास मात्र जबर होता आणि आतूनच येत होता. मामींनी कपाट उघडलं. कराडहून मी आणलेल्या कांदा-लसूण मसाल्याची पिशवी दहा हजार फुटांवरच्या विरळ हवेत फुगून फुगून शिवणीत फुटली होती, आणि बटाट्याच्या वेफर्सची पाकिटं तिच्या शेजारी उशांसारखी टम्म होऊन पुढची पाळी आपली म्हणून बसली होती.

मामा काही बोलले नाहीत. वहीत मात्र लिहिलं. शेरा: मसाला.

रात्री मुक्कामाला बिऱ्हाड समपातळीत आणायचं, कारण तिरपं राहिलं तर फ्रिज नीट चालत नाही. चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे, टेबलावर पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी. बुडबुडा मध्यावर येईपर्यंत मामा कुणाला जेवू देत नाहीत. त्यानंतर डाळ. उंचावर पाणी नव्वदच्या आसपासच उकळतं, डाळ दिवसभर टणटणीत राहते, म्हणून मामींचा कुकर सगळ्या अमेरिकेत फिरलेला. त्याच्या शिट्ट्या झाल्या की शेजारच्या गाड्यांतले लोक दारं उघडून बघतात. मामा त्यांना हात करून सांगतात, काळजी नको, ब्रेक नाहीत.

स्टिअरिंगशेजारी एक छोटी डबी असते. घाट उतरला की मामा तिच्यात पंचवीस सेंटचं नाणं टाकतात, शिंग्रोबाचं. बोरघाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट सापडेना, ती दाखवली या धनगराने, असं सांगतात. जाणारे-येणारे तिथे नाणं टाकतात. मामा कोलोरॅडोत खिडकीतून नाणं टाकू शकत नाहीत, कचरा टाकल्याचा दंड होईल. म्हणून डबी. भारतात आले की खोपोलीजवळ गाडी थांबवून ती रिकामी करतात. तिथल्या पैशांची मोजदाद कोण करतं मला ठाऊक नाही, पण दर दोन-तीन वर्षांनी जॉर्ज वॉशिंग्टनचं मुंडकं असलेली मूठभर नाणी कुठून येतात हे कोडं त्याला नक्की पडत असेल.

आता सिल्व्हर्टन. आमचा सगळा प्रवास खरं तर या एका टप्प्याभोवती बेतलेला होता. सिल्व्हर्टन ते युरे, पंचवीसेक मैल, मिलियन डॉलर हायवे. 1880च्या दशकात ऑटो मिअर्स नावाच्या माणसाने बांधलेल्या टोलच्या रस्त्यावरून पुढे झालेला. कुणी म्हणतं भरावात सोन्याची माती आहे म्हणून हे नाव, कुणी म्हणतं मैलाला दहा-दहा लाख डॉलर लागले म्हणून. बऱ्याच भागात दरीच्या बाजूला कठडा नाही, कारण हिवाळ्यात यंत्रांना बर्फ ढकलायला कुठेतरी जागा हवी. अमेरिकेत उजवीकडून चालवतात, त्यामुळे युरेकडून आलं तर आपण दरीच्या काठाने, सिल्व्हर्टनकडून आलं तर डोंगराला चिकटून. एवढ्यासाठी मामांनी सगळं राज्य घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं होतं. "प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो. डोंगरही उजव्या हाताला ठेवायचा."

आणि आदल्या संध्याकाळी, बुडबुडा मध्यावर आणण्यासाठी शेवटचा ठोकळा सरकवायला मामा वाकले ते वाकलेलेच राहिले. उसण भरली. सकाळी शेक झाला, मलम झालं, गोळी झाली. मामांना बसता येत होतं, पण मान वळवता येत नव्हती. भाडेकरारात माझं नाव नव्हतं. दुसरं नाव होतं ते मामींचं, आणि तेही मामांनीच घातलेलं. लांब पल्ल्याला दुसरा चालक कागदावर हवाच, हा एसटीचा नियम. कागदावर.

मामींनी साडीवरचं स्वेटर सारखं केलं, सीट चार बोटं पुढे ओढली आणि आरसे आपल्या उंचीला लावले. अकरा वर्षांत त्या आरशांना पहिल्यांदाच कुणी हात लावला होता. मामा बाजूच्या सीटवर, कमरेला गरम पाण्याची पिशवी. निघताना त्यांनी तोंड उघडलं.

"मला माहितीये," मामी म्हणाल्या.

11,018 फुटांच्या रेड माउंटन खिंडीपर्यंत मामा गप्प होते. माथा आला. मामींचा हात आपसूक दांड्यावर गेला, दुसरा गिअर, बटण. इंजिन गुरगुरलं. डावीकडे रस्त्याची पांढरी रेघ, आणि रेघेच्या पलीकडे हवा. मामी कसलं तरी जुनं गाणं गुणगुणत होत्या. घट्ट दाबायच्या, सोडायच्या. वळणाच्या आधी दाबायच्या, वळणात पाय वर. मागे पाच गाड्या झाल्या तर न मोजता बाजूला. मी मागच्या बाकावरून बघत होतो. तंतोतंत आजोबांची गाडी. मामींनी सासऱ्यांना कधी गाडी चालवताना पाहिलं होतं की नाही मला माहीत नाही, पण अकरा उन्हाळे शेजारच्या सीटवर बसून हे सगळं ऐकलेलं होतं, आणि नाक त्यांचंही होतंच.

बाजूला मामांचा उजवा पाय मात्र समोरच्या गालिच्यात रुतत चालला होता. तिथे काहीच नव्हतं. ते काहीच मामा प्रत्येक वळणाला सगळ्या ताकदीने दाबत होते, उसण विसरून, आणि वळण गेलं तरी सोडत नव्हते. सूत्राच्या अगदी उलट.

निम्म्या उताराला आलो. मामांनी नाक वर केलं.

"वास येतोय का?"

"येतोय," मामी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "तुमच्या बुटाचा. किती वेळ दाबून धरलाय."

खाली युरे गाव आलं. मामींनी मोकळ्या जागेत बिऱ्हाड लावलं आणि डबीत नाणं टाकून चहाचं भांडं चढवायला आत गेल्या. मामा दाराला धरून, एकेक पायरी करत खाली उतरले. वाकता येत नव्हतं. तसेच आखडलेले, हात मागे करून, गाडीभोवती एकेका चाकापाशी थांबत फिरले. बराच वेळ लागला. परत येऊन दारात उभे राहिले.

"कोमट," म्हणाले.

आतून मामींचा आवाज आला, "आता बूट काढूनच वर या."